बंदी उठते, टोळी उरते

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. जिल्हे वाटले गेले, नोकरवर्ग वाटला गेला, तिजोरीतली शिल्लक आणि डोक्यावरचे कर्जही वाटले गेले. एक चीज मात्र दोन्ही घरांच्या पदरात जशीच्या तशी पडली : १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. तीच कलमे, त्याच शिक्षा, तीच परवान्यांची पद्धत. पुढे गुजरातने हा कायदा आवळून धरला आणि महाराष्ट्राने हळूहळू सैल सोडला. एकाच कायद्याच्या दोन वाटा, शेजारी शेजारी, साठ वर्षांहून अधिक काळ. अभ्यासकांनी ठरवून करायला घेतला असता तर असा प्रयोग कुणी करू दिला नसता.

अमली पदार्थ कायदेशीर केले तर टोळ्यांची रसद तुटेल का, त्यांचा हिंसाचार थांबेल का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. कुणी पोर्तुगालचा दाखला देतो, कुणी कॅनडाचा. समोरचा म्हणतो, ते देश वेगळे, आपली माणसे वेगळी. वाद तिथेच विझतो. वास्तविक या प्रश्नाचा पुरावा शोधायला लिस्बनला जाण्याची गरज नाही. मुंबईने गेल्या पाऊणशे वर्षांत दारू बंद करून पाहिली आणि मोकळी करून पाहिली. देशाने सोने जखडून पाहिले आणि सोडूनही पाहिले, त्याचा सगळा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यावर मांडला गेला. टोळ्यांचे काय झाले, हे पोलीस ठाण्यांच्या आणि न्यायालयांच्या दप्तरात लिहिलेले आहे. ते नीट वाचले, तर कायदेशीर करण्याच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोघेही थोडे अडचणीत येतात.

परवानेवाले आणि ट्यूबवाले

मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयत्न ऑगस्ट १९३९ मध्ये झाला. तो टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांचे सरकार आणि गृहखाते सांभाळणारे मोरारजी देसाई यांनी तो नेटाने पुन्हा हाती घेतला. १९४९ मध्ये कायदा आला आणि १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदी मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिलेलीच होती. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात बायका का उभ्या राहत, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

पण बंदी सगळ्यांना सारखी लागू झाली नाही. डॉक्टरचा दाखला मिळवू शकणाऱ्याला प्रकृतीच्या कारणाने परवाना मिळे आणि विलायती बाटली त्याच्या कपाटात राजरोस राही. गिरणी कामगार, हमाल, गोदीतला मजूर यांना असला दाखला कोण देणार? त्यांच्यासाठी हातभट्टी लागली. काळा गूळ, नवसागर, सडवलेले रसायन आणि खाडीकाठची झुडपे एवढ्यावर धंदा उभा राहिला. माल ट्रकच्या टायरच्या ट्यूबमध्ये भरून शहरात येई. धारावी, अँटॉप हिल, कोळीवाडा हे पट्टे भट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध झाले. वांद्रे, धोबी तलाव या भागांत घरातल्या बाहेरच्या खोलीत ग्लास भरणाऱ्या आंटीचे अड्डे सुरू झाले. गोवा आणि दमण तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. तिकडून विलायती माल येई तो श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी.

अवैध धंद्यात रक्त का सांडते, याचे उत्तर इथेच सापडते. आज एखाद्या परवानाधारक दारू दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याला दिलेला चेक वटला नाही, तर व्यापारी वकील गाठतो आणि कलम १३८ खाली दावा लावतो. ट्यूबवाल्याचे पैसे बुडाले तर तो कुठल्या कोर्टात जाणार? वाटेत माल लुटला गेला तर कुठल्या ठाण्यात तक्रार देणार? त्याच्यापुढे दोनच मार्ग : मारणारी माणसे पदरी बाळगायची किंवा तशी माणसे बाळगणाऱ्या कुणाच्या छत्राखाली जायचे. हेच छत्र म्हणजे टोळी. आणि भट्टीचा धूर लपत नसल्यामुळे तिसरा खर्च आपोआप येतो, तो हप्त्याचा. शिपायापासून वरपर्यंत कुणाला किती, याची वही तयार होते. बंदीच्या काळात मुंबईतल्या कित्येक ठाण्यांची आणि अड्ड्यांची पहिली ओळख या वहीतूनच झाली.

वरदराजन मुदलियार हा या व्यवस्थेतून वर आलेला माणूस. तमिळनाडूतून आला, व्हीटी स्टेशनवर हमाली केली आणि हातभट्टीच्या जाळ्यावर धारावी–माटुंगा पट्ट्याचा ‘वरदाभाई’ झाला. माटुंग्याला त्याच्या गणपतीचा मांडव शहरभर गाजे. वस्तीतली भांडणे तो सोडवी, रेशनकार्डे मिळवून देई, पाण्याचे नळ आणून देई. दारूतून आलेला पैसा गोदीतल्या चोऱ्या, झोपडपट्टीच्या जमिनी आणि माणसे संपवण्याची कामे या सगळ्यांत फिरला. १९८० च्या दशकात पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांनी त्याचे अड्डे पद्धतशीर मोडले, तेव्हा तो मद्रासला गेला. १९८८ मध्ये तो तिथेच वारला.

एक कायदा, दोन वाटा

वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाल्यावर, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून महाराष्ट्रात परवाने सुलभ झाले. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि गरिबालाही दुकानातून बाटली घेता येऊ लागली. कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. तो जवळ बाळगणारे किती, हे वाचकांना मी सांगायला नको.

गुजरातने बंदी कायम ठेवली. १९८० च्या दशकात अहमदाबादेत अब्दुल लतीफ नावाचा माणूस जुगाराच्या अड्ड्यावरून सुरुवात करून चोरट्या दारूच्या बळावर शहराचा सर्वांत मोठा गुंड झाला. १९८७ च्या महापालिका निवडणुकीत तो तुरुंगात बसून पाच प्रभागांतून निवडून आला. १९९२ मध्ये ओढव भागातल्या राधिका जिमखान्यात दारूधंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यावर त्याच्या टोळीने एके-४७ रायफलींनी हल्ला केला. १९९७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात लतीफ मारला गेला. लतीफ चढत होता त्याच वर्षांत मुंबईत वरदराजनचे साम्राज्य ढासळत होते. त्यानंतर मुंबईत नुसत्या दारूच्या जिवावर कुणीही नवा भाई झाला नाही. मुंबई–अहमदाबादेत इतर फरक खूप आहेत, बंदराचा आहे, लोकसंख्येचा आहे, राजकारणाचा आहे. तरीही दारूचा धागा इतका सरळ आहे की तो नजरेआड करणे कठीण.

पण वरदराजनची वर्षे पुन्हा पाहा. बंदी सैल झाली साठीच्या दशकात आणि त्याचा अंमल मोडला ऐंशीच्या दशकात. मधली जवळजवळ वीस वर्षे तो टिकला, किंबहुना फोफावला. एक तर सुरुवातीला परवाना मध्यमवर्गापुरताच पोहोचला होता, मजूर भट्टीशीच बांधलेला राहिला. दुसरे म्हणजे, दारूवर उभी राहिलेली माणसे आणि वही तोवर दारूवाचून चालण्याइतकी धष्टपुष्ट झाली होती.

शिवाय भट्टीही पूर्ण विझली नाही. २००४ मध्ये विक्रोळीला आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. दुकाने उघडी असलेल्या शहरात मिथेनॉल मिसळलेले पाणी लोक का पीत होते? कारण ते सरकारमान्य बाटलीपेक्षा स्वस्त होते. कोल्हापूर, सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी आजही नित्याची असते. गोव्यातही दारू कायदेशीर आणि महाराष्ट्रातही. फरक आहे तो कराचा, आणि आंबोली–बांद्याच्या वाटेने रात्री धावणारे टेम्पो त्या फरकावरच चालतात. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने विदेशी मद्यावरचा कर आणखी वाढवला, म्हणजे टेम्पोवाल्याचा नफाही वाढवला.

सोन्याचे बिस्किट

दारूबंदी आणणारे मोरारजी देसाई पुढे केंद्रात अर्थमंत्री झाले. चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला मनाई झाली. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. आयात तर आधीपासूनच जवळपास बंद होती. लग्नाला सोने लागते, हे काही कुणी कायद्याने रद्द करू शकले नाही. दुबईचा भाव आणि झवेरी बाजारचा भाव यांत दरी पडली आणि त्या दरीत पश्चिम किनाऱ्याची सगळी तस्करी उभी राहिली.

गोदी कामगार म्हणून सुरुवात करणारा हाजी मस्तान आणि दमणचा सुकुर नारायण बखिया हे त्या काळातले मोठे व्यापारी म्हणावे लागतील. दहा तोळ्यांची बिस्किटे होड्यांतून येत, कप्पे शिवलेल्या जाकिटांतून शहरात पोहोचत. चांदी उलट दिशेने जाई. १९७४ मध्ये तस्करांना विनाखटला डांबण्याचा कोफेपोसा कायदा आला आणि आणीबाणीत ही बडी मंडळी तुरुंगात गेली. सुटल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे तस्करी सोडण्याची शपथ घेतली. मस्तान राजकारण आणि सिनेमाकडे वळला. म्हणजे सरकारने नेते पकडले आणि ते सुधारलेही. तस्करीवर परिणाम काय झाला? त्यांच्या जागी एका पोलीस हवालदाराचा मुलगा आला, दाऊद इब्राहिम. दुबई आणि मुंबईच्या भावांतली दरी शाबूत होती, म्हणून गादी रिकामी राहू शकत नव्हती. जुन्या तस्करांना बंदुकीचा सोस नव्हता. नव्यांनी पठाण टोळीशी रस्त्यावर युद्ध केले. दाऊदचा भाऊ साबीर १९८१ मध्ये प्रभादेवीला पेट्रोल पंपावर मारला गेला आणि बदल्याचे खून न्यायालयाच्या आवारापर्यंत पोहोचले.

मग १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात अर्थमंत्री असलेले आपले मधू दंडवते यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला. १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना कर भरून पाच किलोपर्यंत सोने आणता येऊ लागले, पुढे बँकांमार्फत आयात खुली झाली. सोन्याची तस्करी मोठा धंदा म्हणून काही वर्षांतच मेली. कायदेशीर करण्याचा एवढा निर्विवाद विजय भारतात दुसरा नाही. आणि याच्या पाठोपाठ मुंबईच्या टोळ्यांचा सर्वांत रक्तरंजित काळ आला.

१९९१ मध्ये लोखंडवालातली चकमक, सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयातला गोळीबार, १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोटांत २५७ मृत्यू. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत यांचा खून, ऑगस्टमध्ये कॅसेट-उद्योजक गुलशन कुमार यांचा. बिल्डर, हॉटेलवाले, निर्माते यांच्या घरी फोन खणखणू लागले. लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणतात, हे मध्यमवर्गाला त्या वर्षांत कळले. या सगळ्याचा दोष सोने मोकळे करण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. डिसेंबर–जानेवारीच्या दंगली होत्या, दाऊद आणि छोटा राजन यांची फाटाफूट होती, गिरण्यांच्या जमिनींचे भाव चढत होते. पण एक दुवा मात्र न्यायालयात सिद्ध झालेला आहे. १९९३ चे आरडीएक्स रायगडच्या दिघी आणि शेखाडीला उतरले, आणि ते उतरवणारी यंत्रणा चांदी–सोन्याच्या लँडिंगसाठी वर्षानुवर्षे वापरली जात होती. त्याच होड्या, तेच उतरवून घेणारे, तेच सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातले पैसे खाऊन डोळे मिटणारे. यांतल्या अनेकांना टाडा न्यायालयाने पुढे दोषी ठरवले.

या लेखाचे म्हणणे या एका किनाऱ्यावर मावते. बंदी टोळीला केवळ उत्पन्न देत नाही, भांडवल देते : माणसे, वाटा, हप्त्याची वही आणि दहशतीचे नाव. बंदी उठवली की उत्पन्न आटते. भांडवल मात्र टोळीकडेच राहते, आणि बेकार झालेले भांडवल नवा धंदा शोधते. म्हणून कायदेशीर केल्याने उद्याचा भाई जन्मत नाही, पण आजचा भाई मरत नाही. उलट काही वर्षे तो अधिक घातक होण्याची शक्यता असते, कारण वस्तू विकणारा माणूस गिऱ्हाईक सांभाळतो, खंडणीवर जगणारा सांभाळत नाही.

बंदी नसलेल्या गोष्टी

सिनेमाच्या तिकिटांवर कधीच बंदी नव्हती. तरी चेंबूरच्या सहकार थिएटरबाहेरच्या काळाबाजारातूनच मोठा राजन आणि छोटा राजन पुढे आले, कारण शुक्रवारी मागणी हजारांची आणि खुर्च्या शेकड्यांत. मल्टिप्लेक्स आणि मोबाइलवरचे बुकिंग आले, तिकिटाचा दर मागणीप्रमाणे हलू लागला आणि ब्लॅकवाले नाहीसे झाले. त्यांना कुणी पकडावे लागले नाही. चित्रपट व्यवसायाला १९९८ मध्ये उद्योगाचा दर्जा मिळाला, पुढे बँका निर्मात्यांना कर्ज देऊ लागल्या आणि टोळीच्या पैशाची तिथली पकड ढिली झाली.

मटक्याची गोष्ट उलटी. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका त्याने मरायला हवा होता. तो मेला नाही. मटक्याला चिल्लर चालत होती, उधारी चालत होती, आकडा रोज फुटत होता आणि बुकी चाळीच्या तोंडाशीच बसत होता. सरकारी तिकिटाला यांतले काहीच जमले नाही. पर्याय कायदेशीर असून भागत नाही, तो गिऱ्हाइकाच्या दाराशी आणि खिशाला परवडणारा असावा लागतो.

वाळू तर पूर्ण कायदेशीर. बांधकामे वाढली, लिलाव मात्र कधी पर्यावरणाच्या परवानगीत तर कधी कोर्टात अडकले, आणि प्रत्येक नदीकाठी वाळूमाफिया तयार झाला. तलाठी, तहसीलदार यांच्या अंगावर डंपर घातल्याच्या बातम्या आपण इतक्या वेळा वाचतो की आता दचकतही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. आरोपपत्रानुसार तिचे मूळ पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीत आहे. पवनचक्कीवर कुणी बंदी घातलेली नव्हती. स्थानिक सत्तेचे अभय मिळाले की टोळीला निषिद्ध मालाची गरज उरत नाही.

गांजा आणि एमडी एका मापाने नको

अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा नोव्हेंबर १९८५ मध्ये आला. त्यापूर्वी देशात अनेक ठिकाणी गांजाची सरकारमान्य दुकाने होती. भांग या कायद्याच्या बाहेर राहिली, कारण १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातच पानांना वगळलेले होते. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे तीन कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात, दारू पिणारे सोळा कोटींच्या आसपास आहेत आणि अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटी.

महाराष्ट्रात गांजा ओडिशा–आंध्रच्या सीमेवरून येतो, काही प्रमाणात धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात वनजमिनीवर, मका–तुरीच्या आडोशाने पिकतो. त्यावर छापे पडतात, ट्रक पकडले जातात. पण गेल्या काही वर्षांतल्या आपल्या मोठ्या टोळीयुद्धांचे मूळ गांजात सापडत नाही. ते जमिनीत, वाळूत, टेंडरमध्ये, वर्चस्वात सापडते. त्यामुळे उद्या गांजा कायदेशीर केला तर पुण्यातल्या कोयता नाचवणाऱ्या पोरांचा कोयता खाली जाईल, अशी आशा धरू नये. गांजा मोकळा केल्याचे फायदे वेगळे आहेत : पुडीसाठी पकडलेल्या पोराच्या नावावर लागणारा गुन्हा टळेल, पोलिसांचे तास वाचतील, वहीतले एक पान फाटेल. हे फायदे छोटे नाहीत. पण ते हिंसाचार घटण्याचे फायदे म्हणून विकले जाऊ नयेत.

मेफेड्रोन, म्हणजे एमडी, हे प्रकरण निराळे. ते फेब्रुवारी २०१५ पर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हते. तेव्हा मुंबईत ते ‘म्याऊ म्याऊ’ नावाने स्वस्तात, शाळकरी पोरांपर्यंत पोहोचले. पोलिसांच्या हाती कलम नव्हते. कायदेशीर असणे म्हणजे काय, याचा हा सर्वांत वाईट नमुना. मनाई नव्हती, पण परवाना नव्हता, वयाची अट नव्हती, पुडीत काय आहे हे तपासणारे कुणी नव्हते. कायदेशीर करा म्हणणाऱ्यांनी हा काळ विसरू नये. नियमनाशिवायची मोकळीक ही टोळीला दिलेली सवलतच असते.

यादीत घातल्यावर दोन ग्रॅमपर्यंत अल्प आणि पन्नास ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण ठरले, व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. तरीही २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला, पुण्याच्या ससून रुग्णालयातून या व्यवहारातला आरोपी पळाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतून शेकडो किलो माल निघाला. त्या तपासात पुणे पोलिसांनी दिल्लीसह जप्त केलेल्या मालाची किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली. हा माल डोंगरात पिकत नाही, तो औषध–रसायनांच्या वसाहतीत, रसायनशास्त्र शिकलेल्यांच्या हाताखाली बनतो. त्याचे दुकान उघडा, असे मी म्हणणार नाही. त्याच्या कच्च्या रसायनांच्या हिशेबावर मात्र उत्पादनशुल्काच्या काटेकोरपणाने नजर ठेवता येते. काळ्या गुळावर एके काळी तशी ठेवली गेलीच होती.

परदेशातले दाखले

अमेरिकेने १९२० ते १९३३ दारू बंद ठेवली. बंदी उठली तेव्हा तिथला खुनांचा दर लाखामागे दहाच्या जवळ होता, पुढच्या दशकभरात तो निम्म्यावर आला. माफिया मात्र संपला नाही. तो जुगार, कामगार संघटना आणि हेरॉईनकडे वळला. अमेरिकेतल्या राज्यांनी गांजा मोकळा केल्यावर मेक्सिकोच्या सीमेवरची गांजाची जप्ती कित्येक पटींनी घटली आणि तिथल्या टोळ्या फेंटानिल, इंधनचोरी आणि अव्होकाडोच्या बागायतदारांकडून खंडणी यांत गेल्या. मुंबईच्या नव्वदीतल्या कहाणीशी याचे साम्य डोळ्यांत भरते.

पोर्तुगालने २००१ मध्ये अमली पदार्थांची विक्री कायदेशीर केली, असा समज आपल्याकडे आहे. तसे झालेले नाही. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. वैयक्तिक वापरापुरता माल बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी समुपदेशकांच्या आयोगापुढे नेले जाते आणि उपचारांवर खर्च केला जातो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ पासून बाळगण्यावरची शिक्षा काढून टाकली, पण उपचारांची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे पुन्हा शिक्षा आली. कॅनडात गांजाचे बहुसंख्य ग्राहक कायदेशीर दुकानांकडे वळले. कॅलिफोर्नियात करांचा बोजा आणि दुकानांना परवानगी नाकारणारी शहरे यांमुळे चोरटा बाजार तगून आहे. गोवा बनावटीच्या बाटलीचा धडा तिकडेही तोच.

बिल कुणाच्या नावावर

टोळीचा हिशेब मांडताना घरातला हिंसाचार बाजूला पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातेत दारू पिणारे पुरुष सुमारे सहा टक्के निघाले, महाराष्ट्रात चौदा. लोक चोरट्या पिण्याबद्दल खरे बोलत नसतील, हे धरूनही फरक उरतो. लतीफ टळावा म्हणून जी किंमत मोजली जाते ती बरीचशी स्वयंपाकघरात मोजली जाते. म्हणूनच गावातले दारू दुकान बंद करण्यासाठीच्या ‘आडवी बाटली’ मतदानाला गावोगाव बायका रांगा लावतात, आणि चंद्रपूरच्या बायका दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या.

चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. शेजारी यवतमाळ, नागपूर आणि तेलंगणा, तिन्हीकडे दुकाने उघडी. तस्करी फोफावली. २०१८ मध्ये नागभीड भागात दारू तस्करांच्या गाडीने एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडले. मे २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवण्याचा निर्णय घेतला. त्या सहा वर्षांत चोरट्या दारूवर जी पोरे गाड्या चालवायला, वाटा ओळखायला आणि हप्ता पोहोचवायला शिकली, त्यांचे पुढे काय झाले, याकडे बंदीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी सारखेच दुर्लक्ष केले. बंदी घालताना आणि उठवताना बायकांच्या आणि दुकानदारांच्या शिष्टमंडळांशी बोलणी होतात. टोळीच्या भांडवलाचा विचार कुणाच्याच अजेंड्यावर नसतो.

तो विचार करायचा तर क्रम असा लागेल. ज्या वस्तूची मागणी मोठी आणि इजा मर्यादित, ती लवकर नियमनाखाली आणावी, टोळी पोसली जाण्याच्या आत. सोन्यासाठी आपण सत्तावीस वर्षे घेतली आणि तेवढ्यात एक दाऊद घडला. सुरुवातीची काही वर्षे कर इतका कमी ठेवावा की चोरटा माल महाग वाटावा. महसुलाचा मोह नंतर करावा. दारूतून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक मिळवणाऱ्या राज्याला हे सांगणे अवघड आहे, तरी सांगायला हवे. जुलै २०२४ मध्ये केंद्राने सोन्यावरचा आयातकर पंधरावरून सहा टक्क्यांवर आणला तो काही उदारपणाने नव्हे. कर वाढत गेला तसे विमानतळांवर पट्ट्यांतून, बुटांतून, पोटातून सोने पुन्हा येऊ लागले होते.

आणि ज्या दिवशी बंदी उठेल त्याच दिवशी पोलिसांनी खंडणीविरोधी पथके दुप्पट करावीत. पुडी शोधण्यात जाणारे मनुष्यबळ मोकळे होणार असते, ते सुटीवर पाठवण्यासाठी नाही. बेकार झालेली टोळी पहिला फोन कुणाला करते, हे मुंबईने १९९० च्या दशकात पाहिलेले आहे : ज्याच्याकडे पैसा आहे आणि ज्याला पोलीस ठाण्यात जायची भीती वाटते, त्याला. त्या माणसाची तक्रार ठाण्यात निर्भयपणे लिहून घेतली जाते की नाही, यावर बंदी उठवण्याचा प्रयोग फळाला येणार की फसणार हे ठरेल. कायद्याच्या पुस्तकातून एक कलम खोडायला विधिमंडळाचे एक अधिवेशन पुरते. हप्त्याची वही बंद करायला त्याहून फार अधिक लागते, आणि ते काम बंदी असो वा नसो, टाळता येत नाही.